कुंपण नसलेली बाग : शहापूर-मुरबाडचे बारा महिने

शहापूर, प्रतिनिधी

जुलै महिन्यातला रविवार. सकाळची कसारा लोकल आसनगाव, आटगाव, खर्डी अशा एकेका स्थानकावर रिकामी होत जाते. पाठीवर सॅक, हातात वेफर्सची पाकिटे आणि ओठांवर एकच प्रश्न : धबधबा कुठे आहे? संध्याकाळी हीच मंडळी ओलीचिंब होऊन परतीच्या गाडीत बसतात आणि पुढच्या जुलैपर्यंत या मुलखाची आठवणही काढत नाहीत. मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे धावणाऱ्या मोटारींची कथाही याहून निराळी नाही.

मुंबई आणि ठाणे शहरांत बागेला जाणे हा कुटुंबाचा ठरलेला कार्यक्रम असतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत फुलांचे प्रदर्शन भरते, उपनगरांतल्या उद्यानांत मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत फाटक, तिकीट-खिडकी आणि हिरवळ असलेले असे नावाजलेले उद्यान नाही. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला जे जंगल उरले, त्याचा मोठा भाग याच दोन तालुक्यांत आहे. तानसा अभयारण्य, माहुलीचा डोंगर, आजोबा पर्वत, सिद्धगड, गोरखगड, नाणेघाट आणि माळशेजचा पायथा ही सारी एक सलग बागच म्हणावी लागेल. तिला कुंपण नाही, पण तिचे वेळापत्रक आहे. ते पंचांगाप्रमाणे चालते आणि त्यात जुलैचा रविवार हे फक्त एक पान आहे. उरलेली पाने उलगडावीत, म्हणजे सहलीची गर्दी एकाच महिन्यात न कोंडता वर्षभर विभागली जाईल, या हेतूने ही माहिती देत आहोत.

रोहिणी आणि मृग : काजवे, शेवळे

या बागेचे वर्ष मृग नक्षत्राच्या थोडे आधी सुरू होते. मेच्या अखेरीपासून पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत सिद्धगड परिसरात आणि माळशेजच्या पायथ्याच्या जंगलपट्ट्यात काजव्यांची झाडे पेटतात. सादडा, हिरडा, बेहडा अशा झाडांवर हजारो काजवे एकाच तालात उघडझाप करतात. नर काजवे मादीला दिलेली ही हाक असते. काजव्याचे प्रौढ आयुष्य अवघ्या काही दिवसांचे. त्याआधीचा बराच काळ तो अळीच्या रूपात जमिनीत आणि पाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढतो. म्हणून काजवे पाहायला जाताना दोन पथ्ये पाळावीत. मोटारीचे दिवे आणि विजेऱ्या बंद ठेवाव्यात, कारण त्या उजेडात नर-मादीला एकमेकांचा इशारा दिसत नाही. झाडाखालची जमीन तुडवू नये, कारण पुढच्या वर्षीचे काजवे त्याच मातीत असतात.

पहिल्या पावसाबरोबर बाजारात रानभाज्या येतात. सर्वांत आधी येते ते शेवळे. जमिनीतून तुऱ्यासारखे उगवणारे हे जांभळट कोंब घशाला खाजतात. म्हणून काकडाची आंबट फळे घालूनच ते शिजवायचे, हे ज्ञान इथल्या प्रत्येक घरात आहे. मागोमाग टाकळा, कुलू म्हणजेच फोडशी, कोरल, भारंगी, कुर्डू आणि कंटोली येतात. शहापूर व मुरबाडच्या बाजारात, स्थानकांबाहेर, हमरस्त्याच्या कडेला ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी समाजाच्या स्त्रिया या भाज्यांच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतात. राज्याच्या कृषी विभागाने २०२० पासून ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवण्यास सुरुवात केली. मुलांना सोबत नेऊन भाजी ओळखायला लावण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. मात्र रानातून स्वतः भाजी खुडण्याचे साहस शहरवासीयांनी करू नये. खाण्याजोग्या आणि विषारी वनस्पती दिसायला पुष्कळदा सारख्या असतात. भाजी विकणारीलाच ती कशी करायची ते विचारावे. पाककृती भाजीबरोबर फुकट मिळते.

आषाढ-श्रावण : धबधबे आणि आवणी

आता जुलै. कसाऱ्याजवळचा विहीगावचा धबधबा हे गर्दीचे मुख्य ठिकाण. शाहरुख खानच्या २००१ सालच्या ‘अशोका’ चित्रपटावरून त्याला अशोका धबधबा असे नाव पडले. माळशेज घाटात तर रस्त्याच्या कडेलाच पाण्याच्या धारा कोसळतात. दोन्ही ठिकाणे देखणी आणि दोन्ही धोक्याची. डोंगरमाथ्यावर पाऊस पडला की खाली कोरडे ऊन असतानाही पाण्याचा लोंढा काही मिनिटांत येतो. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. घाटात दरडी कोसळतात. पावसाळ्यात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या आमच्या पानांवर दरवर्षी असतात आणि त्यांत बहुतेक वेळा विशीतल्या मुलांची नावे असतात.

म्हणूनच जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे, तलाव व धरणांच्या परिसरात मनाई आदेश काढते. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत; १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागू आहे. निघण्यापूर्वी आदेश लागू आहे का, कोणत्या ठिकाणी आणि किती तारखेपर्यंत, याची स्थानिक पोलीस ठाणे किंवा तहसील कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. बंदीचा दुसरा परिणाम मात्र शहरात कोणाच्या लक्षात येत नाही. धबधब्याच्या वाटेवर मक्याची कणसे, चहा, पिठले-भाकरी विकणाऱ्या कुटुंबांचा वर्षाचा हंगाम याच चार-पाच रविवारांचा असतो. चार उनाड टोळक्यांमुळे बंदी येते आणि तिची किंमत गाव मोजते.

लहान मुले आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर या दिवसांत धबधब्याऐवजी भातखाचराच्या बांधावर जावे. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालते. गुडघाभर चिखलात वाकून रोपांच्या ओळी लावणे किती कष्टाचे असते, हे दहा मिनिटांत कळते. दोन्ही तालुक्यांत कृषी पर्यटन केंद्रे आहेत. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. नोंदणी पाहून जावे आणि परवानगीवाचून कोणाच्या खाचरात उतरू नये.

भाद्रपद-आश्विन : रानफुलांचे दिवस

गणपती विसर्जनानंतर पावसाचा जोर ओसरतो आणि खरे पुष्पप्रदर्शन सुरू होते. डोंगरउतारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग पसरतो. काही वर्षी कारवी फुलते. ही झुडपे सात ते आठ वर्षांतून एकदाच सामूहिक बहर धरतात, बी टाकतात आणि वाळून जातात. पहिलीतल्या मुलाला दहावी होईपर्यंत ही संधी एखाद-दोनदाच मिळणार, हे लक्षात ठेवून त्या वर्षी सहल चुकवू नये. वाळलेल्या कारवीच्या काठ्या वाया जात नाहीत. त्यांच्या कुडाच्या भिंतींवर शेणमाती लिंपून इथली घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली.

फुलांबरोबर फुलपाखरे येतात. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेले निळे-काळे ब्लू मॉरमॉन या जंगलात सहज दिसू शकते. १ ते ७ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह. या काळात वनविभागाच्या वतीने जंगलफेऱ्या, व्याख्याने आणि शालेय मुलांचे उपक्रम होतात. शहापूरच्या वनविभाग कार्यालयात आधी चौकशी केल्यास त्यांची माहिती मिळू शकते.

कार्तिक-मार्गशीर्ष : किल्ल्यांची चढाई

दिवाळीच्या सुट्टीत भात कापून खळ्यावर येते आणि पायवाटा मोकळ्या होतात. आसनगावच्या रेल्वेच्या खिडकीतूनच दिसणारा माहुली हा या तालुक्याचा मुकुटमणी. माहुली, भंडारगड आणि पळसगड असे त्याचे तीन भाग. त्याच्या अंगाखांद्यावरच्या सुळक्यांना स्थानिकांनी नवरा, नवरी आणि भटोबा अशी नावे देऊन डोंगरावर कायमचे लग्न लावून ठेवले आहे. निजामशाही वाचवण्याच्या अखेरच्या प्रयत्नात शहाजीराजांनी १६३६ मध्ये याच गडाचा आश्रय घेतला होता आणि मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यानंतर त्यांना येथेच तह करावा लागला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेला हा गड १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. पायथ्याचे माहुली गाव आसनगावहून सुमारे पाच किलोमीटरवर आहे. पूर्ण चढाई दमछाक करणारी आहे. लहान मुले असतील तर पायथ्याच्या जंगलातून फेरी मारून परतावे. त्यात कमीपणा काही नाही.

मुरबाडच्या बाजूला देहरी गावातून गोरखगड चढता येतो. कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि मोठी गुहा ही त्याची वैशिष्ट्ये. शेवटचा टप्पा उंचीची भीती असलेल्यांसाठी नाही. त्यापेक्षा नाणेघाट कुटुंबाला सोयीचा. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून निघालेली वाट जंगलातून चढत घाटमाथ्यावर, जुन्नर तालुक्यात पोहोचते. कल्याण बंदरात उतरलेला माल सातवाहन काळात याच वाटेने जुन्नरकडे जाई. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या दानांची मोजदाद त्यात आकड्यांत कोरलेली असून, भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. गणिताचा कंटाळा करणाऱ्या मुलांना हे आकडे अवश्य दाखवावेत. वर असलेला दगडी रांजण जकातीचा, असे परंपरेने सांगतात.

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे डेहणे गावाजवळ आजोबा पर्वत आहे. वाल्मीकींचा आश्रम येथे होता आणि लव-कुश येथेच वाढले, अशी लोकांची श्रद्धा. डोंगराच्या पोटातल्या जागेला सीतेचा पाळणा म्हणतात. आश्रमापर्यंतची दाट झाडीतली वाट आजी-आजोबांनाही जमण्यासारखी आहे. ज्यांना चालायचेच नाही, त्यांच्यासाठी आसनगावजवळच्या टेकडीवरचे मानस मंदिर हे जैन तीर्थ आहे. तेथून आजूबाजूचा मुलूख नजरेत येतो.

पौष : सिद्धगडची पहाट, म्हशाची जत्रा

या बागेतले दोन मोठे वार्षिक सोहळे पौषाच्या सुमारास येतात आणि दोन्ही मुरबाड तालुक्यातले आहेत. पहिला २ जानेवारीला. १९४३ साली या दिवशी पहाटे सिद्धगडच्या जंगलात ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे क्रांतिवीर धारातीर्थी पडले. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी ‘आझाद दस्ता’ उभारून विजेचे मनोरे पाडण्याची मोहीम चालवली होती. कारखान्यांची वीज तोडून सरकारला जेरीस आणणे हा त्यामागचा हेतू. दरवर्षी या दिवशी सिद्धगडच्या हुतात्मा स्मारकापाशी अभिवादनासाठी लोक जमतात. थंडीच्या कडाक्यात पहाटे जंगलात उभे राहून मुलांना ऐकवलेला इतिहास पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा जास्त काळ लक्षात राहतो. येथील जंगल भीमाशंकर अभयारण्यात मोडते. १९८५ साली घोषित झालेले हे अभयारण्य राज्यप्राणी शेकरूसाठी ओळखले जाते. मान वर करून झाडांच्या शेंड्याकडे पाहिल्यास त्याचे घरटे दिसू शकते.

दुसरा सोहळा म्हशाची जत्रा. पौष पौर्णिमेला म्हसा गावी खांबलिंगेश्वराची, म्हणजे म्हसोबाची, जत्रा सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. बैलांचा बाजार हे तिचे मुख्य आकर्षण. घाटमाथ्यावरून आणि कोकणपट्टीतून शेतकरी येथे येतात. बैलाचे दात मोजणे, खांदा पाहणे, चालवून बघणे आणि दोघांच्या हातांवर उपरणे टाकून बोटांच्या खुणांनी सौदा करणे ही पारंपरिक कला येथे पाहायला मिळते. याखेरीज घोंगड्या, शेतीची अवजारे, भांडी, मिठाई, पाळणे आणि तमाशाचे फड. ट्रॅक्टरच्या काळात बैलबाजाराचा पूर्वीचा जोर राहिलेला नाही. पण वर्षाची घोंगडी म्हशालाच घ्यायची, हा अनेक घरांचा रिवाज टिकून आहे. जत्रेत गर्दी प्रचंड असते. मुलांच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

फाल्गुन-चैत्र : पळस, मोह आणि रानपिंगळा

शिमग्याच्या आसपास जंगल पानांनी रिकामे आणि फुलांनी भरलेले असते. काटेसावर, पळस आणि पांगारा लाल-केशरी होतात, मोहाची फुले पहाटे टपटप गळतात. ती वेचायला बायका-मुले उजाडण्यापूर्वी रानात असतात. पानगळीमुळे पक्षी दिसायला हा काळ सर्वोत्तम. त्यासाठी तानसा अभयारण्य गाठावे. १९७० मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर पसरले आहे. एके काळी नामशेष मानला गेलेला आणि १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा २०१४ साली तानसाच्या जंगलात आढळला, तेव्हा पक्षीअभ्यासकांना आश्चर्याचा धक्का बसला होता. सातपुड्यापासून इतक्या दूर, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी तो असेल अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. त्याच्या शोधात आवाजाच्या ध्वनिफिती वाजवणारे हौशी छायाचित्रकार येथे येतात. त्याने पक्षी बिथरतो. हा प्रकार कटाक्षाने टाळावा.

वैशाख : पाणवठा

शेवटचे पान सर्वांत महत्त्वाचे. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग अभयारण्यांत पाणवठ्यांलगत मचाणे बांधून प्राण्यांची नोंद घेतो. तानसातही ती होते. पूर्वनोंदणी करून निसर्गप्रेमींना त्यात सहभागी होता येते. वयाची अट आधी विचारून घ्यावी. रात्रभर गप्प बसून चंद्रप्रकाशात पाण्याकडे पाहायचे. भेकर येते, रानडुक्कर येते, नशीब असेल तर बिबट्या. ज्याला पाणी लागते तो या एका डबक्याशी येतो.

माणसांचेही तेच आहे. तानसा धरण १८९२ साली बांधून झाले आणि तेव्हापासून या तालुक्याचे पाणी मुंबईला जाते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी एकटा भातसा शहराची जवळपास निम्मी गरज भागवतो, तोही शहापूर तालुक्यातच. मुरबाड-बदलापूर पट्ट्यातल्या बारवी धरणावर जिल्ह्यातील शहरे आणि कारखाने अवलंबून आहेत. त्याच शहापूरच्या कित्येक गावपाड्यांत दर उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरच्या वेळी विहिरीभोवती हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांमध्ये आषाढात कणसे आणि श्रावणात रानभाजी विकणाऱ्याच असतात. मुंबईकराच्या गॅलरीतल्या कुंडीला रोज मिळणारे तांब्याभर पाणी ज्या डोंगरावर पडते, त्या डोंगराखालची ही स्थिती आहे. वैशाखात येथे येणाऱ्या कुटुंबाने सोबत आपले पाणी पुरेसे आणावे आणि गावच्या विहिरीवर हातपाय धुऊ नयेत, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते.

बागेचे नियम

सार्वजनिक उद्यानाच्या फाटकावर सूचनांचा फलक असतो. या बागेला फाटक नाही, म्हणून त्या येथे देतो.

अभयारण्यात वनविभागाचे प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी. सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय थांबू नये.

धरणाच्या भिंतीवर आणि जलाशयात उतरू नये. तेथे पोहणे बेकायदा आहे आणि जीवघेणेही.

गडांवर स्थानिक वाटाड्या घ्यावा. त्याचा मेहनताना आधी ठरवावा आणि तो कमी करण्यासाठी घासाघीस करू नये.

जेवण गावात घ्यावे, आदल्या दिवशी कळवून. शहरातून भरून आणलेल्या पाकिटांनी गावात उरतो तो फक्त कचरा. तरीही पाकिटे आणलीच, तर रिकामी परत न्यावीत.

पाड्यावरच्या माणसांची, विशेषतः स्त्रिया व मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत.

मद्यपान आणि मोठ्या आवाजातली गाणी यांना येथे जागा नाही. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला आणि वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही. पाहुण्याने कसे वागावे, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

कसे जाल?

शहापूर : मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव स्थानक. तेथून शहापूर गावात जाण्यासाठी रिक्षा आणि एसटी. तानसासाठी आटगाव, विहीगावसाठी कसारा सोयीचे. मोटारीने मुंबई-नाशिक महामार्ग. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यातून जातो.

मुरबाड : येथे रेल्वे नाही. कल्याणहून सुमारे ३० किलोमीटर, एसटीची सोय. म्हसा, देहरी आणि सिद्धगडसाठी मुरबाडहून पुढे जावे. वैशाखरे व माळशेजसाठी कल्याण-अहिल्यानगर महामार्गाने टोकावडे मार्गे. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.

धबधबा जुलैतच असतो, हे खरे. परंतु शेवळे जूनमध्ये, सोनकी सप्टेंबरमध्ये, माहुलीची स्वच्छ हवा नोव्हेंबरमध्ये, म्हशाची घोंगडी जानेवारीत आणि पळस मार्चमध्ये असतो. वर्षातून चार वेळा चार कुटुंबे आली तर वाटाड्याला बारा महिने काम मिळते, भाकरी करणाऱ्या बाईचा तवा बारा महिने तापतो आणि जुलैतल्या त्या एका रविवारची जीवघेणी गर्दीही ओसरते.

पुढची कसारा लोकल पकडण्यापूर्वी पंचांग पाहावे.